पटऱ्यावरच्या तीन फळ्या

माणूस जातो आणि त्याचे शब्द मागे राहतात. तुझ्या बाबतीत हे अगदी खरं ठरलं, मेश्राम. तुझे शब्द माझ्या लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या खणात, वीजबिलांच्या फाईलमध्ये राहिले होते. चार ओळी आणि खाली तुझी सही. त्या पुढे पाठवायचं काम माझ्याकडे होतं.

असली वाक्यं मला सहज सुचतात, हे तुला माहीत होतं. कारखान्याच्या कार्मिक विभागात मी नोकरीभर तेच केलं. निवृत्त होणाऱ्यासाठी मानपत्र, गेलेल्यासाठी शोकप्रस्ताव. ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ हे शब्द मी कितीदा टाईप करून घेतले याचा हिशेब नाही. बहुतेक पोकळ्या पुढच्या महिन्यात प्रतीक्षायादीतल्या माणसानं भरलेल्या असत. तुझं मानपत्रही माझंच. तू पॅटर्न शॉपमधला सुतार, ओतकामाआधी लोखंडाच्या प्रत्येक भागाचा लाकडी नमुना करणारा. मी तुला ‘काष्ठशिल्पी’ करून टाकलं. समारंभानंतर ती चौकट हातात धरून तू मला विचारलंस, “वझलवार बाबू, हे कोणासाठी लिहिलं होतं?”

आपली मैत्री त्या प्रश्नापासून धरायला हरकत नाही.

निवृत्तीनंतर तू बोरसीला स्वतःचं घर बांधलंस, मी रुआबांध्याच्या क्वार्टरमध्येच राहिलो. मधे ती दलदल. पाण्याच्या टाकीचं वाहून आलेलं आणि पावसाचं पाणी साचून साचून तिथं कौहा, म्हणजे अर्जुन, आणि जांभूळ, करंज आपोआप दाटले होते. कोणा अधिकाऱ्यानं परदेशात काहीतरी पाहिलं असावं, कारण एका वर्षी त्या चिखलावर खांब रोवून लाकडी फळ्यांची वाट झाली आणि दलदलीचं उद्यान झालं. उद्घाटनाच्या दगडावर तिचं नाव फार मोठं आहे, पण त्याच्यावर माणसांची नावं इतकी आहेत की ते वाचायला खाली वाकावं लागतं. इथल्या हिंदीत सगळे तिला ‘पटरा’, म्हणजे फळी, म्हणतात. “कल पटरे पे मिलते हैं,” असं.

तू रोज बोरसीहून स्कूटरवर येऊन तिच्यावर चालायचास. मी म्हणायचो, इतक्या लांबून चालण्यासाठी गाडीवर येणारा तू एकटाच. तू म्हणायचास, “लाकडावर चालाले मिळते बाबू. सिमेंटवर चालून गुडघे कोणाले देऊ?”

पहाटेच्या त्या वाटेवर मी झाडं पाहायचो आणि तू पायाखाली पाहायचास. खाली काळं पाणी, कुजलेल्या पानांचा गोडसर वास, मधूनच बेडूक पाण्यात पडल्याचा आवाज. तुझ्या टाचेला एक सवय होती. दहा पावलांनी एकदा ती फळीवर आपटायची आणि तू मान तिरकी करून ऐकायचास.

“काय म्हणाली?” मी विचारायचो.

“चांगली हाय अजून. ऐका ना, ठण्ण बोलून राहिली.”

मला सगळ्या सारख्याच ऐकू येत. मी पुस्तकं वाचणारा माणूस. तू मात्र माझी पुस्तकंही टाचेनंच वाचायचास. नेलेलं पुस्तक खाकी कागदाचं कव्हर घालून परत आणायचास, आणि परीक्षण एका वाक्यात: “मधात चांगलं हाय, शेवटी लय बोलते हा माणूस.” नंतर मी ते पुन्हा चाळून पाहायचो. शेवटी तो खरंच लय बोललेला असायचा.

आणि तो कमळपक्षी आठवतो. जलकुंभीच्या पानांवरून तुरुतुरु चालणारा, शेपटीवाला. तो बुडत नाही कारण त्याची हाडं पोकळ आणि वजन नगण्य, असं मी सांगितलं. तू कठड्यावर वाकून बराच वेळ पाहिलंस.

“वजनाचं नाई हो. बोटं पाहा त्याची. किती पसरवली हायेत. भार एका जागी पडूच देत नाई तो. खाली साऱ्या पानाले वाटून देते.”

“हे पॅटर्न शॉपचं झालं, मेश्राम. पक्षिशास्त्रात असं नसतं.”

“मंग तुमचं पक्षिशास्त्र त्याले सांगा. त्याले मालूम नसन.”

हा वाद दोन हिवाळे चालला. दुसऱ्या हिवाळ्यात माझ्याच कपाटातल्या एका पुस्तकात उत्तर सापडलं. तू बरोबर होतास. ते पान मी तुला दाखवलं नाही. वाद चालू राहिला तर बरं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण तसं नव्हतं. हरायची सवय नव्हती, आणि तुझ्याकडून तर नव्हतीच.

‘तुझ्याकडून’ या शब्दात काय काय आहे ते आता मोजत बसलोय. तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तू मला शेवटपर्यंत ‘तुमी’ म्हणालास आणि मी तुला पहिल्या दिवसापासून ‘तू’. आत्ता लिहिताना बदलावंसं वाटलं, पण ते शोकसभेतलं ‘तुम्ही’ झालं असतं. बोरसीला वहिनींच्या हातचं मी स्वयंपाकघरात पाट घेऊन जेवलोय. माझ्याकडे आलास की तू व्हरांड्यात बसायचास. “आत ये की,” असं मी म्हणायचो. दार उघडून धरून कधी म्हणालो नाही. तू “बरं हाय इथंच, हवा लागते,” म्हणायचास आणि आपण दोघंही ते खरं मानायचो.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी, मोठ्या कौह्याच्या वळणावर तुझी टाच थांबली.

“हे ऐका.”

या वेळी मलाही ऐकू आलं. भद्द.

तू गुडघ्यावर बसलास, फटीतून बोट घातलंस. बोटाला ओला भुसा लागला. “तीन फळ्या गेल्या. लाकूड वरून नाई सडत बाबू, खालून सडते. यायनं वरून रंग मारला अन् खालून खिळे ठोकले. बोल्ट पायजे होता.” खिशातून पिवळा खडू काढून तू तिन्ही फळ्यांवर फुल्या मारल्यास. कारखान्यात नापास मालावर मारतात तशा. दवानं पुसल्या की दोन दिवसांनी पुन्हा मारायचास. लोक फुल्या ओलांडून जायला शिकले.

तिसऱ्याच दिवशी तू कागद आणलास. सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळाचा सचिव मी, तेव्हा माझ्या सहीनं तो उद्यानाच्या कार्यालयात जावा अशी तुझी साधी कल्पना. कागद हिंदीत होता, आणि तुमच्या शॉपमध्ये सुरक्षेचा कागद भरायचे तसाच:

‘स्थान: कौहा वाले मोड़ पर तीन पटरे। दोष: नीचे से सड़े हैं। खतरा: पाँव भीतर जाएगा। उपाय: तीनों बदलें, कील नहीं, बोल्ट।’

मी हसलो. “मेश्राम, असा अर्ज कोणी वाचत नाही. सविनय निवेदन नाही, संदर्भ नाही. भाषा लागते.”

“फळी सडली म्हणाले भाषा कावून लागते?”

“कार्यालयाला लागते.”

“बरं. मंग लावा तुमची भाषा. पण उद्या धाडा.”

मी भाषा लावली. तुझ्या चार ओळींची दोन पानं झाली, त्यात ‘नगर की हरित धरोहर’ असाही एक शब्दप्रयोग होता. मग ती दोन पानं आणि तुझा कागद मी वीजबिलांच्या फाईलमध्ये ठेवून दिला. तीन आठवड्यांनी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता, पटऱ्यावरच. मोठे पाहुणे येणार होते. कागद कार्यालयात गेला असता तर त्यांनी पहिली गोष्ट केली असती ती म्हणजे वाटेवर दोरी बांधली असती. आणि त्या कार्यक्रमात माझा सत्कार होता.

जन्मभर सत्कारांची टिंगल केलेला माणूस मी. शाल, श्रीफळ, ‘दो शब्द’ म्हणून चाळीस मिनिटं. तुझ्यासोबत त्यावर किती हसलो असेन. माझी स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र मी नवा सदरा शिवायला टाकला.

“गेलं का पत्र?” तू विचारलंस, त्याच कौह्याखाली.

“गेलं,” मी म्हणालो.

तू मान डोलावलीस आणि पुढे चालू लागलास. पुन्हा विचारलं नाहीस. कागदाचं काम बाबूचं, लाकडाचं सुताराचं, अशी तुझी वाटणी होती, आणि आपल्या वाटणीचं काम कोणी करत नसेल हे तुझ्या डोक्यातच येत नसे.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी पटऱ्यावर हिरवी मॅट अंथरली गेली. सूचना माझी होती. फोटोत बरं दिसतं. सकाळी तू आलास, मॅट पाहिलीस, माझ्याकडे पाहिलंस. मी माईक तपासत होतो. तू वळणावर गेलास. मॅटखाली फुल्या दिसत नव्हत्या, तेव्हा झाडावरून अंदाज घेऊन उभा राहिलास. पाहुणे आले तसा हात आडवा करून, “इधर से साहब, किनारे से, इधर से,” असं म्हणू लागलास. कोणी तुला स्वयंसेवक समजलं असेल, कोणी वेडा. कॅमेरेवाला उलटा चालत येत होता. त्याचा खांदा तुला लागला, तू एक पाऊल मागे गेलास, आणि तुझा पाय मॅटसकट गुडघ्यापर्यंत आत गेला.

मी तीस पावलांवर मांडवात माईकपाशी होतो. सगळे एकदम गप्प झाले. ती शांतता मला सहन झाली नाही, किंवा कार्यक्रम बिघडेल अशी भीती वाटली, आणि मी माईकवर म्हणालो, “हमारे मेश्राम जी की यही ख़ूबी है, हर बात की गहराई में जाते हैं।”

सगळे हसले. पाहुणे तर खूपच. आणि मला पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर विनोद अगदी वेळेवर आला हे. तुझ्या पायाचं त्यानंतर आठवलं.

तूही हसलास. दोघांनी काखेत धरून तुला वर काढलं. बूट चिखलातच राहिला. नडगीवर खिळ्यानं उभी रेघ ओढली होती. तू कडेला बसून मॅटचं फाटकं टोक उचललंस आणि खाली पाहिलंस. मग माझं नाव पुकारलं गेलं. टाळ्यांत तुझे हात होते की नाही ते मला ठाऊक नाही. त्या बाजूला पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या भोकावर कोणीतरी तुळशीची कुंडी ठेवली. उरलेल्या दोन फळ्या तशाच. फुल्या मारायला तू नव्हतास.

तुला साखरेचा त्रास. जखम भरता भरेना. तू अंगणात खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून बसायचास आणि मी दर रविवारी यायचो. आल्या आल्या तू पटऱ्याची चौकशी करायचास, घरच्या माणसाची करावी तशी.

“उत्तर आलं का कार्यालयाचं?”

“सरकारी काम, मेश्राम. तुला माहीतच आहे.”

“हरामखोर हायेत साले. तीन फळ्यायचं काम. माणूस मरंपर्यंत वाट पाहतात.”

मी मान डोलावली. त्या कार्यालयातल्या एकाही माणसाचा यात दोष नव्हता. त्यांच्यापर्यंत कागद पोचलाच नव्हता. त्यांच्याविरुद्ध मी रविवारमागून रविवार साक्ष देत राहिलो.

एकदा तू म्हणालास, “दुसरं लिहू काय? आता तर पाय बी दाखवता येते.” मी म्हणालो, “थांब, आधीच्याचं उत्तर येऊ दे.”

हे वाक्य मला सर्वांत जास्त छळतं. पहिलं खोटं शालीसाठी होतं, ते निदान समजण्यासारखं आहे. हे दुसरं कशासाठी होतं? पहिल्याची बूज राखण्यासाठी. त्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, याचा मी खूप विचार केला. बहुधा चार शिव्या घातल्या असत्यास आणि “आणा तो कागद” म्हणाला असतास. एवढंच. मला एवढंही परवडलं नाही.

थंडी ओसरता ओसरता एका दुपारी जेवून आडवा झालास, तो उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय, पायाच्या जखमेचा संबंध नाही. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी मान वर करून विचारलं, “आप कौन लगते हैं उनके?” मी म्हणालो, “सुबह साथ में टहलते थे।”

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झाल्यावर मला बोलायला उभं केलं. मी चांगलं बोललो. नेहमीच बोलतो. ‘पोकळी’ टाळली, पण ‘लाकडाचं हृदय ऐकणारा माणूस’ असं काहीतरी म्हणालो आणि लोकांनी डोळे पुसले. तू मागच्या रांगेत असतास तर विचारलं असतंस, कोणासाठी बोलून राहिले. निघताना वहिनी दाराशी आल्या.

“तुमी लय चांगलं बोलले, भाऊजी. ते म्हणत, बाबूनं पत्र धाडलं हाय, उशीर होईन पण काम होईन.”

मी नमस्कार केला आणि चप्पल शोधू लागलो. चप्पल समोरच होती.

पाच दिवसांनी पुन्हा गेलो. वहिनी अंगणात सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसलो असतो तर सांगणं झालं नसतं.

“वहिनी, ते पत्र मी पाठवलंच नव्हतं.”

त्यांचा हात थांबला. “फळ्यायचं?”

“हो.”

“अन् त्यायले सांगतलं का गेलं म्हणून?”

“हो.”

“कावून?”

रुआबांध्यापासून बोरसीपर्यंत स्कूटरवर मी उत्तर तयार करत आलो होतो. त्यात प्रक्रिया, समिती, योग्य वेळ असे शब्द होते. ते तोंडातून निघाले नाहीत. “माझा सत्कार होता,” मी म्हणालो. “कागद गेला असता तर वाट बंद केली असती. शाल मिळणार होती.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. एखादं हिशेबात न बसणारं माप पाहावं तसं पाहिलं.

“चांगली होती का शाल?”

“नाही. टोचते.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि खडा वेचून बाजूला टाकला. मी माफी मागितली. त्यांनी आणखी एक खडा वेचला. मग विचारलं, “म्हातारे माणसं फिरून राहिले ना अजून त्या रस्त्यानं?”

“हो.”

“मंग इथं काय करून राहिले तुमी?”

तिथून थेट घरी येऊन मी कपाट उघडलं. माझी दोन पानं फाडली. तुझ्या चार ओळींखाली मंडळाच्या सचिवाची सही केली आणि एक ओळ लिहिली: ‘यह पत्र चार महीने मेरी अलमारी में पड़ा रहा, दोष मेरा है।’ ती लिहिताना मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली. कार्यालयातल्या कारकुनानं नेमकी त्याच ओळीवर पेन टेकवलं.

“ये किसलिए?”

“सच है इसलिए.”

“इसका कोई कॉलम नहीं है,” तो म्हणाला, आणि शिक्का मारून कागद ट्रेमध्ये टाकला. तुझ्या चार ओळी त्यानं वाचल्या. भाषेबद्दल काही बोलला नाही.

मेश्राम, तुझ्याकडून मला जे मिळालं ते मी कधी बोललो नाही. शेवटी लय बोलणाऱ्या माणसांपैकीच मी, पण हे बोललो नाही. माझ्या तोंडावर मला विचारणारा, कोणासाठी लिहिलं, कशाला लिहिलं, असा आयुष्यात तू एकच भेटलास. आता लिहिताना तो प्रश्न मलाच स्वतःला विचारावा लागतो आणि मी अजून त्यात फार कच्चा आहे. हा लेखही तुझ्यासाठी लिहिलाय म्हणतोय, पण वाचणारा तू नाहीस, आणि ते मला लिहितानाही माहीत आहे.

कागद दिल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं हातगाडीवर फळ्या घेऊन आली. मी पलीकडच्या बाकावर बसून पाहत होतो. कुंडी उचलून ठेवली, तिन्ही जुन्या फळ्या उचकटल्या, नव्या बसवल्या, बोल्ट आवळले. सगळ्या कामाला पस्तीस मिनिटं लागली, त्यात चहा धरून.